इंग्रजी शिकवताना आधी काय: शब्दांच्या जाती की वाक्याचा साचा?

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवायच्या दोन वाटा आहेत. जुनी वाट म्हणजे नाऊन, प्रोनाऊन, व्हर्ब अशा आठ जाती व्याख्येसकट पाठ करणं. शब्दकोश वापरताना त्या उपयोगी पडतात. पण नुसत्या शब्दाकडे बघून जात ठरत नाही: 'आय ड्रिंक वॉटर'मध्ये 'वॉटर' नाऊन आहे, 'आय वॉटर द प्लांट्स'मध्ये व्हर्ब.

दुसरी वाट वाक्यापासून सुरू होते: सब्जेक्ट, व्हर्ब, ऑब्जेक्ट. मला हीच आधी हवी वाटते. 'वाघाने हरणाला मारलं' म्हणा की 'हरणाला वाघाने मारलं', मेलं हरणच. 'ने' आणि 'ला' ते सांगतात. इंग्रजीत 'द टायगर किल्ड द डिअर'मधल्या नावांची अदलाबदल केली की वाघ मेला! तिथे प्रत्ययाचं काम शब्दाची जागा करते. हे मुलाला फळ्यावर शब्दांच्या चिठ्ठ्या हलवून दाखवावं. मग 'आय मँगो ईट' का चुकलं, ते त्याचं त्यालाच कळतं.

ही वाटही 'इट इज रेनिंग'पाशी अडखळते. मराठीत पाऊसच पडतो, इंग्रजीत अशा वाक्यात सब्जेक्टची जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून 'इट' बसवावा लागतो. अशा वेळी प्रोनाऊन हे नाव सांगावं. साचा हाताशी असला की जातींची नावं गरजेप्रमाणे देता येतात. नुसत्या व्याख्यांवरून मात्र मुलाला स्वतःचं वाक्य रचता येत नाही.