खालच्या आगीसाठी ज्या दवाखान्यात गेले त्याबद्दल (नाशिक, गंगापूर रोड साइड)

रेटिंग पाचपैकी चार. एक स्टार रिसेप्शनसाठी कापलाय, त्यावर खाली येतेच.

आधी विषय काय ते सरळ सांगते, कारण बायका हे लिहीत नाहीत आणि मग दुसरी कुणी शोधायला गेली की तिला कंपन्यांच्या जाहिरातीच दिसतात. योनीच्या तोंडाशी आणि बाहेरच्या बाजूला कायम चुरचुर, कधी खाज, कधी नुसती आग, लघवीनंतर जास्त, पाळीच्या आधी अजून जास्त. पांढरं जाणं फार नाही, वास नाही, ताप नाही. लघवीचा रिपोर्ट नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. राहायला उपनगर, नोकरी अंबड एमआयडीसीत, येणंजाणं ॲक्टिव्हावर, तर एप्रिल-मेमध्ये द्वारकेच्या सिग्नलला तापलेल्या सीटवर बसून काय होत असेल ते ज्याला झालंय त्यालाच कळेल. ऑफिसात कुणी विचारलं तर सांगायचं काय, "पित्त झालंय".

याआधी जिथे जिथे दाखवलं त्यांची नावं घेत नाही, पण पद्धत सगळीकडे सेम. खुर्चीत नीट टेकायच्या आत "खाज येते का, पांढरं जातं का", आणि चिठ्ठी तयार. बुरशीवरची फ्लुकोनॅझोल १५० ची एक गोळी, बुरशीच्याच क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या रात्री आत ठेवायला, वर एक इंटिमेट वॉश. पडदा ओढून, लाइट लावून बघितलं कुणीच नाही. एका ठिकाणी तर "लग्नाला किती वर्षं झाली, एक मूल होऊ द्या, सगळं थांबेल" हेपण ऐकलं. आणि मेडिकलवाल्यांचं वेगळंच, काउंटरवर हळू आवाजात सांगितलं की ते अजून हळू आवाजात एक ट्यूब कागदात गुंडाळून देतात, त्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध सगळं एकत्र. लावली की दोन दिवस स्वर्ग, बंद केली की पहिल्यापेक्षा दुप्पट आग. कित्येक स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत हा नियम २०१८ पासून आहे, पण आपल्याकडे नियम आणि काउंटर यांची गाठभेट क्वचितच होते.

घरातून येणारे सल्ले वेगळे. सासूबाई म्हणाल्या तुरटीच्या पाण्यात बस, आई म्हणाली खोबरेल तेल लाव, जाऊबाईंनी अंघोळीच्या पाण्यात झाकणभर जंतुनाशक टाकायला सांगितलं. (खोबरेल तेल त्यातल्या त्यात निरुपद्रवी निघालं, बाकीचं या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी ऐकलं आणि डोळेच मिटले.)

तर हा दवाखाना. दवाखान्याचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारही लिहिलीय आणि त्यांनी ती सुधारायला घेतलीय. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम, वय पन्नाशीच्या आसपास, बोलणं तुटक, गोड वगैरे अजिबात नाही. "काय मग, कशी आहेस" टाइप प्रेमळ डॉक्टर हवी असेल तर इथे जाऊ नका. पहिल्या वेळी त्यांनी सगळ्यात आधी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं, तो बिचारा कौतुकाने सोबत आला होता, पण बरं झालं, कारण पुढचे काही प्रश्न त्याच्यासमोर मी अर्धेच खरे सांगितले असते. मग कपडे धुवायची पावडर कुठली, फॅब्रिक कंडिशनर टाकता का, पॅड कुठले, रोज पँटीलायनर लावता का, ओले वाइप्स वापरता का, केस कसे काढता, जेगिंग्ज किती तास अंगावर असतात, संबंधाच्या वेळी आत दुखतं की तोंडाशी, आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबांची नावं. मी ट्यूबा पिशवीत भरून नेल्या होत्या, त्यांनी एकेकीच्या मागचं बारीक अक्षर चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. चित्र असलेला एक कागद दिला, बाहेरच्या सगळ्या भागाची रेखाकृती, आणि पेनाने जिथे आग होते तिथे फुली मारायला लावली. मग हातात छोटा आरसा. तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं की मी ज्याला सगळीकडे "आत" म्हणत होते तो त्रास बहुतेक बाहेरचाच होता, आणि आत ठेवायच्या गोळ्यांनी बाहेरची आग विझणार कशी.

तपासणी घाईने केली नाही. दर वेळी "आता हात लावतेय" असं सांगून. आधी नीट बघितलं, पांढरे पातळ चट्टे आहेत का, कडा एकमेकींना चिकटल्यात का. लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा आजार असतो, त्यात असं होतं आणि तो वर्षानुवर्षं खाज म्हणून खपून जातो, शंका आली तर तुकडा काढून तपासावा लागतो. माझ्यात तसं काही दिसलं नाही. मग पिवळ्या कागदाची पट्टी आतल्या भिंतीला टेकवून रंग डबीवरच्या रंगांशी जुळवला, पीएच (म्हणजे आम्लता) साधारण ४. पाळी सुरू असलेल्या वयात ३.८ ते ४.५ नॉर्मल धरतात, बॅक्टेरियल व्हजायनोसिस किंवा ट्रायकोमोनास (ही योनीची दोन वेगळी इन्फेक्शनं) असेल तर सहसा ४.५ च्या वर जातं. बुरशीत मात्र पीएच बऱ्याचदा नॉर्मलच असतं, म्हणून नुसत्या पट्टीवर सोडलं नाही. स्लाइडवर थेंब घेऊन बाजूच्याच खोलीत मायक्रोस्कोपखाली बघितलं, एकदा सलाइनमध्ये आणि एकदा केओएच (बुरशी स्पष्ट दिसावी म्हणून घालतात ते रसायन) टाकून. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत, तिथल्या तिथे. इतक्या ठिकाणी फिरले आणि मायक्रोस्कोप पहिल्यांदा इथे दिसला, राग यायचा तेव्हा आला.

बुरशी दिसली नाही. पण मायक्रोस्कोपमध्ये बऱ्याच वेळा सुटून जाते म्हणून कल्चरला (लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायला) पाठवायचं ठरलं, तेपण लगेच नाही. दोन आठवडे काहीही लावायचं नाही, ना ट्यूब, ना वॉश, ना गोळी, मगच सॅम्पल, नाहीतर औषधामुळे खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. कल्चरचा उपयोग असाही की बुरशी असलीच तर कुठली ते कळतं, कॅन्डिडा ग्लॅब्राटासारख्या जातीवर नेहमीची फ्लुकोनॅझोल नीट चालत नाही. ते दोन आठवडे वाईट गेले, खोटं कशाला बोलू. स्टेरॉइडची ट्यूब थांबवल्यावर आग उसळते हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं आणि रात्री गार पाण्याच्या घड्या आणि साध्या पेट्रोलियम जेलीवर काढायला सांगितलं होतं. सोबत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी), कारण लपलेल्या शुगरमुळे बुरशी परत परत येते, आणि एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी). हे शेवटचे दोन सांगताना आवाज जराही बदलला नाही, रक्तगट विचारावा तसं विचारलं.

सगळं निगेटिव्ह. एचबीए१सी ५.४, म्हणजे शुगर नॉर्मल.

आता इथे आधीचे लोक "रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून मोकळे झाले असते. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे इन्फेक्शन नाही एवढं कळलं, काय आहे ते मला अजून माहीत नाही." मला हे वाक्य ऐकून जे बरं वाटलं ते कुठल्याच ट्यूबने वाटलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं की २००२ साली अमेरिकेत छापलेल्या एका अभ्यासात दुकानातून स्वतःहून यीस्टचं, म्हणजे या बुरशीचं, औषध घेणाऱ्या ९५ बायका तपासल्या, तर नुसतं यीस्ट फक्त साधारण एक तृतीयांश जणींना निघालं. तरी आपल्याकडे खाज म्हटलं की फंगल, विषय संपला.

तिथून त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्टला पाठवलं, चिठ्ठीवर आपले निष्कर्ष सविस्तर लिहून, मला परत पहिल्यापासून रामायण सांगावं लागलं नाही. पॅच टेस्ट म्हणजे पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांची पट्टी चिकटवतात, प्रत्येकीत वेगळा पदार्थ, ४८ तासांनी काढून बघतात आणि ९६ तासांच्या आसपास परत. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. नाशिकच्या मेमध्ये घाम येऊ द्यायचा नाही! रजा टाकून कूलरसमोर पालथी पडून राहिले, सासूबाई येता जाता विचारायच्या की आग खाली आणि टेस्ट पाठीवर, ही कुठली तऱ्हा. रिझल्ट आला, दोन गोष्टींना रिॲक्शन. एक म्हणजे सुगंधी द्रव्यांचं मिश्रण, आणि दुसरं निओमायसिन हे अँटिबायोटिक. सुगंध माझ्या पॅडमध्ये, वाइप्समध्ये, वॉशमध्ये, कपड्यांच्या कंडिशनरमध्ये, आणि निओमायसिन त्या मेडिकलवाल्याच्या ट्यूबमध्ये. म्हणजे ज्याने आग थांबवायला पैसे घेतले त्याच्याच ट्यूबमध्ये आगीचं कारण. इंटिमेट वॉशबद्दल मॅडमचं मत एका ओळीचं, आतून स्वतःची सफाई स्वतः होते आणि बाहेर साधं पाणी बास. पीएच बॅलन्स्ड लिहिलेल्या त्या गुलाबी बाटलीला मी शून्य स्टार देते, माझ्यापुरतं तरी.

हे सगळं बंद केलं, बिनवासाची कपड्यांची पावडर, सुती कपडे, कॉटनचे बिनसुगंधी पॅड, थोडे दिवस हलकं मलम मॅडमच्या देखरेखीखाली. खाज गेली. खरंच गेली, रात्री उठणं बंद झालं.

आग मात्र पूर्ण गेली नाही आणि हे लिहिणं गरजेचं आहे, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल एक टेस्ट केली की जादू. परत तपासताना त्यांनी कापसाच्या काडीने अगदी हलकं हलकं टेकवत घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे विचारलं, बारा वाजता दुखतं का, तीन, पाच. पाच आणि सातला टेकवलं तर मी टेबलवरून उडालेच. बाहेरून तिथे काहीही दिसत नाही, लाली नाही, जखम नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललेलं दुखणं, आणि बाकी कारणं तपासून काही सापडलं नाही तर त्याला व्हल्वोडायनिया म्हणतात, माझ्यात तो बहुतेक असावा असं त्यांचं म्हणणं, "बहुतेक" हा शब्द त्यांनी फाइलमध्येपण लिहिलाय. यात तिथल्या नसा जास्त संवेदनशील होतात आणि स्नायू आखडून राहतात. रात्री ॲमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम सुरू केली. ही डिप्रेशनचीपण गोळी आहे आणि कमी डोसमध्ये नसांच्या दुखण्याला देतात, हे आधीच समजावलं म्हणून बरं, नाहीतर मेडिकलमध्ये ज्या नजरेने बघितलं त्यावर मी गोळी तिथेच सोडून आले असते. तोंड कोरडं पडतं आणि सकाळी डोकं जड राहतं, सकाळची शिफ्ट असेल तर गोळी जरा लवकर घ्यायची.

ओटीपोटाच्या तळाच्या, योनीभोवतीच्या स्नायूंचा व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडेही पाठवलं. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की नेटवर बघून केगल (तिथले स्नायू आवळायचा व्यायाम) करत असाल तर बंद करा, आखडलेला स्नायू अजून आवळून काय मिळणार, आधी सोडायला शिका. श्वास पोटात घेऊन खाली सोडायचा, ऐकायला फालतू वाटतं, मला फरक पडतोय, हळूहळू. ॲक्टिव्हावर बसता येतंय. जेगिंग्ज अजून नाही. नवऱ्याशी जवळीकीचा विषय मॅडमनी स्वतःहून काढला आणि "दुखत असताना रेटायचं नाही, दोघांनीही" असं त्याला आत बोलावून सांगितलं, हे मला घरी सांगायला जमलं नसतं.

आता तक्रार. रिसेप्शनवर मुलगी भरल्या हॉलमध्ये ओरडून विचारते, "ताई, तुम्हाला काय होतंय?" बाजूला दोन काका पेपर वाचत बसलेले, एक बाळ रडतंय, आणि मी म्हणणार काय. मी सांगितलं "मॅडमनाच सांगते", तर "नाही नाही, फाइलवर लिहावं लागतं". मी मॅडमना सांगितलं, पुढच्या खेपेला काउंटरवर चिठ्ठी आणि पेन ठेवलेलं दिसलं, तक्रार लिहून घडी घालून द्यायची. पण ती मुलगी घडी उघडून मोठ्याने वाचतेच कधीकधी, म्हणून स्टार परत दिला नाही.

वेटिंगही भयंकर. सातची अपॉइंटमेंट असेल तर साडेआठ धरून चला, डिलिव्हरी आली तर मॅडम मधूनच उठून जातात, त्याला इलाज नाही. पहिल्या वेळची फी ७००, नंतरची ४००, मायक्रोस्कोपचं वेगळं घेतात पण कल्चरपेक्षा खूप कमी. बाहेरच्या टेस्ट कुठल्याही लॅबमधून चालतात, अमुकच लॅबला जा असं म्हणत नाहीत. पार्किंग नाहीच, टू व्हीलर गल्लीच्या तोंडाशी लावा. तपासणीच्या दिवशी जीन्स घालून जाऊ नका, सैल सलवार बरी, आदल्या दोन दिवसांत काहीही लावू नका, आणि घरातल्या सगळ्या ट्यूबा घेऊन जा, रिकाम्या असल्या तरी, मागचं छापलेलं वाचता आलं पाहिजे. गुरुवारी संध्याकाळी बंद असतं.