नवा राउटर घ्यावा, की जुन्यालाच केबल जोडावी?

इंटरनेटचा प्लॅन वाढवला तरी व्हिडिओ अडकतच असेल, तर नवा राउटर घेण्याआधी लॅपटॉप केबलने थेट जुन्या राउटरला जोडून वेग मोजा. तिथे पूर्ण वेग मिळाला, तर लाइन ठीक आहे, अडचण वायफायची आहे. केबलवरही आकडा ९५ एमबीपीएसच्या आसपासच थांबत असेल, तर राउटरचा पोर्ट (केबल लावायची खाच) बहुधा १०० एमबीपीएसचा आहे किंवा केबलच्या काही तारा तुटल्या आहेत. आधी केबल बदलून पाहा. पोर्टच १०० चा निघाला, तर मात्र नवा राउटर घ्यावाच लागेल, कारण प्लॅन ३०० एमबीपीएसचा असला, तरी वेग त्या पोर्टमधून १०० च्या पुढे जाणारच नाही.

पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा असेल, तर माझा कौल केबललाच. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देते, आणि भिंतींचा तिच्यावर परिणाम होत नाही. टीव्ही, डेस्कटॉप यांसारखी एका जागी बसलेली उपकरणं तारेवर घेतली की वायफाय फोनसाठी मोकळं होतं. हा फरक खरंच जाणवतो!

नव्या वायफाय ६ (वायफायची सहावी पिढी) राउटरचा खरा फायदा घरात एकाच वेळी बरीच उपकरणं चालू असतात तिथे दिसतो, तोही फोन-लॅपटॉप वायफाय ६ चे असतील तर. वायफायच्या नेहमीच्या दोन फ्रिक्वेन्सींपैकी ५ गिगाहर्ट्झचे सिग्नल वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर दमतात, २.४ गिगाहर्ट्झचे लांब जातात, पण शेजाऱ्यांच्या गर्दीत सापडतात. नवा राउटरही कपाटात कोंडून ठेवला, तर फार काही बदलणार नाही.