दोनशे तासांनंतरचे तास: फ्लाइंग क्लबात शिकवायचं, एटीआर उडवायचं की थेट जेट? (कार्गोत जायचं असेल तर)

धुळे, शिरपूर किंवा जळगावहून सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) घेऊन बाहेर पडलेल्याच्या लॉगबुकात २०० तासांच्या आसपास उड्डाण असतं. परवान्याला तेवढं पुरतं. कार्गो कंपनीच्या निवडीत मात्र त्याला फारसं वजन नसतं. एटीपीएलसाठी (एअरलाइनचा कॅप्टन होण्याच्या परवान्यासाठी) १५०० तास लागतात, म्हणजे मधले तेराशे कुठे करायचे हा खरा प्रश्न. आपल्याकडे बहुतेक मुलं फक्त बेरजेकडे बघतात. ते तास कशाचे आहेत हे बेरजेइतकंच, किंबहुना जास्त महत्त्वाचं.

कार्गोचं काम मुख्यतः रात्रीचं. संध्याकाळी माल जमतो, रात्रीतून दुसऱ्या शहरात पोचतो. त्यामुळे रात्रीचे तास, इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न बघता उपकरणांवर उडवल्याचे) तास, दोन वैमानिकांच्या कॉकपिटचा सराव आणि टर्बाइन इंजिनाची ओळख हे रकाने आधी तपासले जातात. शेवटचं उड्डाण कधी झालं, हेही. वर्षभर घरी बसलेल्या हजार तासवाल्यापेक्षा गेल्या महिन्यापर्यंत उडणारा सहाशे तासवाला अनेकदा पुढे असतो.

क्लबात इन्स्ट्रक्टर

सर्वात मोठा फायदा म्हणजे शिकवताना इन्स्ट्रक्टरचा तास पीआयसी (पायलट-इन-कमांड, विमानाचा प्रमुख वैमानिक) म्हणून लागतो. एअरलाइनच्या उजव्या (सहवैमानिकाच्या) सीटवर वर्षानुवर्षं बसूनही हा रकाना भरत नाही. शिवाय टाइप रेटिंगचा (एका ठरावीक विमानप्रकारासाठीच्या पात्रतेचा) खर्च नाही, आणि आपल्याच भागात राहता येतं.

पण खान्देशचं हवामान हिशेबात धरा. मे महिन्यात जळगावला ४४ अंश असताना सुमारे आठशे फूट उंचीवरच्या धावपट्टीची डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) साडेचार हजार फुटांच्या घरात जाते. दोघं जण आणि भरलेल्या टाक्या घेऊन छोटं पिस्टन विमान रडतखडत चढतं, म्हणून उड्डाणं सकाळी उरकावी लागतात. पुढे पावसाळ्यात ढगांनी दिवसच्या दिवस जातात. वर्षाचे आठ महिने आणि महिन्याला पन्नास तास धरले तर चारशे होतात. तेराशेला तीन वर्षांहून जास्त लागतील. विमानं दुरुस्तीला उभी राहिली तर आणखी.

दुसरी अडचण कमी बोलली जाते. आपल्याकडे सूर्यास्तानंतर व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी बघून करायच्या) उड्डाणाला परवानगी नसते. एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) मंजुरीनं स्थानिक आणि क्लबची प्रशिक्षण उड्डाणं तेवढी होतात. म्हणून क्लबातले रात्रीचे तास म्हणजे बहुधा त्याच धावपट्टीभोवतीची सर्किटं. एटीपीएलला रात्रीचे १०० तास लागतात, आणि ते असे भरायचे म्हणजे तळं चमच्यानं भरण्यासारखं. त्यामुळे रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचारा: चालू स्थितीतली विमानं किती आणि त्यांवर विद्यार्थी किती, धावपट्टीवर दिवे आहेत का, आणि दोन इंजिनांच्या विमानावर शिकवायला मिळेल का. तिन्हींची उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरी संस्था बघा.

इथं घात होतो तो इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा. त्याचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. सिंगल इंजिनवर दिवसाढवळ्या शिकवताना ते मागे पडतं. हजार तासांनंतर सिम्युलेटर चाचणीत ऑटोपायलट आणि फ्लाइट डायरेक्टर (पडद्यावर दिशा सुचवणारी खूण) बंद ठेवून आयएलएस (रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे उतरणं) करायला सांगितलं की सुया दोन्हीकडे पळतात.

एटीआर

जळगावला एटीआर येते-जाते, म्हणून हे विमान आपल्या मुलांच्या ओळखीचं. टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनावर पंखा फिरवणारं), दोन वैमानिक, कमाल उंची २५ हजार फूट. त्यामुळे पावसाळी ढगांच्या वरून निघून जाता येत नाही. त्यांच्यातून किंवा वळसा घालून जावं लागतं. छोटे टप्पे, दिवसाला अनेक लँडिंग, कमी सोयींची विमानतळं. हाताला वळण लावायला याहून चांगली जागा आम्हाला दिसत नाही. कमी पडतात ते रात्रीचे तास, कारण छोट्या शहरांची बरीच उड्डाणं दिवसाउजेडी असतात. आणि जेटवर जाताना टाइप रेटिंग नव्यानं घ्यावं लागतं.

ए३२० किंवा ७३७

या एअरबस आणि बोइंग जेटवर तास सर्वात वेगानं होतात. वर्षाची मर्यादा १००० तासांची. तिच्या निम्मे झाले तरी क्लबला मागे टाकतात, आणि रात्रीचे तास आपसूक पडतात. टाइप कुठला हे मात्र नीट बघा. कार्गो कंपन्यांत ब्लू डार्टकडे ७५७ आणि ७३७ आहेत, क्विकजेटकडे ७३७. इंडिगोची कार्गो विमानं ए३२१, आणि ए३२० कुटुंबाचं रेटिंग एकच. कार्गोचे दरवाजे ७३७ ला जास्त उघडे. पण देशात प्रवासी नोकऱ्या ए३२० वर कितीतरी अधिक. आधी नोकरी हवी असेल तर ए३२० हाच व्यवहारी पर्याय. ७५७ ची चिंता आत्ता नको, ते रेटिंग कंपनीत शिरल्यावर होतं.

ऑफर लेटर हातात नसताना कर्ज काढून टाइप रेटिंग घेऊ नका. शेत गहाण टाकून तर नाहीच. रेटिंग वापरात नसलं की चालू ठेवायला पुन्हा सिम्युलेटरचे पैसे मोजावे लागतात, आणि टाइपवर शून्य तास असलेला उमेदवार तसा कोराच राहतो. फर्स्ट ऑफिसरचा (सहवैमानिकाचा) नोटिस कालावधी सहा महिन्यांचा आहे. त्यावर बाँडची (मुदतीआधी सोडल्यास भरायची) रक्कम. कार्गोत उडी मारण्याची तारीख ठरवताना दोन्ही जमेस धरा.

अमेरिकेचा रस्ता

तिथं छोट्या कार्गो कॅरॅव्हानवर (एका इंजिनाचं टर्बोप्रॉप) आयएफआरमध्ये (उपकरणांवर उडवण्याच्या नियमांखाली) पीआयसी व्हायला १२०० तास लागतात: त्यात ५०० क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे), १०० रात्रीचे, ७५ इन्स्ट्रुमेंटचे. अनुभव अस्सल कार्गोचा. पण तिथं नोकरी करण्याचा कायदेशीर हक्क नसेल तर हे सगळं कागदावरच. तिथल्या एटीपी परवान्यासाठी क्रॉस-कंट्री धरायला सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांपेक्षा जास्त अंतर लागतं. धुळे-जळगाव काठावर येतं, तेव्हा त्या तासांवर भिस्त ठेवू नका.

मग निवड कशी करायची? डोक्यावर मोठा हप्ता असेल आणि एअरलाइनची परीक्षा निघत नसेल, तर इन्स्ट्रक्टर व्हा. मात्र पाचशे-सहाशे तासांच्या पुढे केवळ सिंगल इंजिनवर अडकू नका. एटीआरची जागा मिळत असेल तर क्लबातली पीआयसी बिनधास्त सोडा. जेटची ऑफर आली तर कुठलंही जेट घ्या.

यातला कुठलाही रस्ता धरला तरी लॉगबुकाची वही आणि ईजीसीएवरची (विमान वाहतूक नियामकाच्या पोर्टलवरची) नोंद दर महिन्याला जुळवा. सिम्युलेटरचे तास उड्डाणात मिसळणं, डुअलचा (प्रशिक्षकाबरोबर शिकण्याचा) तास पीआयसीत जाणं, रात्रीची मिनिटं अंदाजे वाढवणं: कागदपत्रं तपासताना या तीन जागा हमखास उघड्या पडतात, आणि चूक नकळत झाली असली तरी संशय साऱ्या लॉगबुकावर येतो.