आयरिश पब, पण गल्ल्यावर काकू

कोथरूडला आमचं पोळीभाजी केंद्र आहे, बावीस वर्षं झाली. त्यामुळे कुठल्याही हॉटेलात गेले की मी मेनूच्या आधी गल्ल्यावर कोण बसलंय ते बघते. बाणेरच्या या आयरिश पबात जरीचा काठ असलेली साडी नेसून, चष्मा नाकावर ओढून एक काकू बसल्या होत्या. म्हटलं, चला, बसायला हरकत नाही. (नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे तक्रार आहे.)

मुलगी मागेच लागली होती, "आई, आखाड संपायच्या आत चल." मी काही पीत नाही, पण मटण म्हटल्यावर गेले. काकूंनी आधी तिचं आधार कार्ड मागितलं. वय तेवीस. "बिअर मिळेल. व्हिस्की पंचवीस पूर्ण झाल्यावर," एवढं बोलून परत हिशेबात डोकं. कायदा तोच आहे, पण पाळणारे किती?

घरचेच चौघं चालवतात. काका मार्केट यार्डातून माल आणतात, सून भटारखाना बघते आणि थोरला मुलगा बारवर. तो सात वर्षं आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात एका पबात होता. ते पबसुद्धा एका घराचंच, खाली धंदा आणि वर बिऱ्हाड. गावाकडच्या जुन्या पबांत एका बाजूला किराणा आणि दुसऱ्या बाजूला दारू असायची, दारावर परवानाधारकाचं नाव रंगवलेलं. इथे नाव दारावर नाही. परवाना फ्रेम करून गल्ल्यामागे लावलाय, गणपतीच्या शेजारी.

मुलीने गिनेस मागवली. काळी बिअर, वर साईसारखा फेस. गंमत अशी की बुडबुडे पेल्याच्या कडेने खाली जाताना दिसतात. मी चष्मा पुसून परत बघितलं, खालीच जात होते. रिकामा डबा हलवला तर आत खडखडलं. मला वाटलं काही तरी पडलंय, वेटरला हाक मारली. बारवरचा मुलगा हसत आला. "काकू, आत प्लास्टिकचा चेंडू असतो, नायट्रोजन भरलेला. डबा उघडला की तो वायू सुटतो आणि फेस येतो." तिकडे नळाची गिनेस दोन टप्प्यांत ओततात, मध्ये थांबून फेस बसू देतात. गिऱ्हाईकही मुकाट्याने थांबतं. आमच्याकडे पोळी तव्यावर फुगेपर्यंत कोणी थांबत नाही.

स्टू छान होता. मटण, बटाटा, कांदा, गाजर, मिरपूड, बस. आपल्या जिभेला आळणी लागेल, पण मटण हाडापासून सुटत होतं आणि रश्शाला दाटपणा बटाट्याचा होता, मैद्याचा नव्हे. मी मात्र अडकले सोडा ब्रेडवर. यीस्ट नाही, कणीक, मीठ, खायचा सोडा आणि ताक. ताकाच्या आंबटपणावर सोडा फुलतो. तिकडचा गहू मऊ, यीस्टच्या पावाला लागते तेवढी चिकटी त्यात नसते, म्हणून ही युक्ती. वर सुरीने फुलीसारखी चीर. हा ब्रेड रोज सकाळी काकू स्वतः करतात, घरी विरजलेल्या ताकाचा. गरम तुकड्यावर लोणी लावून दिला. मी तीन खाल्ले.

चिप्स मात्र काळपट आणि गोडसर. मी गल्ल्यावर जाऊन सांगितलं, बटाटा शीतगृहातला आहे. थंडीत त्यातली साखर वाढते, मग तो तळला की असाच काळवंडतो. काकांनी मान्य केलं. "सातगाव पठारचा नवा माल येऊ दे, मग या." आयरिश पबात बटाट्याची चूक पुण्याच्या बाईने काढावी! त्यांच्याकडे १८४५ नंतर बटाट्यावर रोग पडला तेव्हा दहाएक लाख माणसं गेली. तिथे बटाटा ही तोंडी लावायची वस्तू नव्हती, जेवणच होतं.

मग ऑक्टोबरात एका शनिवारी परत गेलो, या वेळी आमच्या ह्यांनाही घेऊन. चिप्स सोनेरी, कुरकुरीत. काकांनी शब्द पाळला. पण गल्ल्यावर काकू नव्हत्या, नगरला लग्नाला गेल्या होत्या. टाय लावलेला एक मॅनेजर होता. सोडा ब्रेड आला तो आदल्या दिवशीचा, मायक्रोवेव्हमधून काढलेला. हा ब्रेड त्याच दिवशी खायचा असतो, दुसऱ्या दिवशी भुसा होतो. स्टूला चाळीस मिनिटं. आणि बिल! जेवणावर ५ टक्के जीएसटी, बिअरवर १० टक्के व्हॅट, इथवर ठीक. त्याखाली न विचारता १० टक्के सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ सालीच सांगितलंय की हॉटेलने हा आपणहून बिलात घालायचा नाही, दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. मी शांतपणे म्हटलं, काढा. मॅनेजर म्हणाला, "सिस्टिममधून निघत नाही मॅडम." थोरल्या मुलाला हाक मारली, त्याने दोन मिनिटांत काढला. म्हणजे सिस्टिममधून निघतो.

तर जायचं असेल तर आधी फोन करा. टेबल आहे का ते नंतर विचारा, आधी काकू आहेत का विचारा.