स्पीडमास्टरची मोठी काळी पेटी: घ्यावी का, जपावी कशी

स्विस घड्याळ कंपनी ओमेगाने 2014मध्ये 1861 कॅलिबरच्या (म्हणजे त्या क्रमांकाचं यंत्र असलेल्या) स्पीडमास्टर मूनवॉचसोबत मोठी काळी पेटी द्यायला सुरुवात केली. आत स्टीलच्या ब्रेसलेटवरचं घड्याळ, नाटो पट्टा (घड्याळाखालून ओवायचा एकसंध कापडी पट्टा), लांबलचक वेल्क्रो पट्टा, पट्टे बदलायचं अवजार आणि घड्याळाच्या इतिहासाचं पुस्तक.

आमच्या मते या पेटीचा जीव त्या वेल्क्रो पट्ट्यात आहे. मनगटावर तो अघळपघळ वाटतो, कारण त्याची लांबी अंतराळपोशाखाच्या फुगीर बाहीच्या मापाची आहे. नासाने 1 मार्च 1965 रोजी हे घड्याळ मानवी मोहिमांसाठी पात्र ठरवलं, ही गोष्ट पुस्तक न उघडताच तो पट्टा सांगून जातो. 2021मध्ये नेहमीच्या मूनवॉचमध्ये 3861 कॅलिबर आलं, यंत्र सुधारलं. पेटी मात्र लहान झाली आणि पट्ट्यांचा सरंजाम गेला. कपाटात जागा वाचली हे खरं, पण पेटी उघडतानाचा तो आनंद उरला नाही.

पट्टा बदलताना घाई नको. खाली मऊ फडकं पसरा, लगच्या (पट्टा जिथे अडकतो त्या घड्याळाच्या शिंगांच्या) आतल्या बाजूला टेप लावा, अवजाराचं टोक स्प्रिंग बारच्या (पट्टा धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या बारीक दांडीच्या) कडेवर टेकवून बार आत दाबा. टोक निसटलं तर लगवर ओरखडा उठतो, आणि बार उडाला तर शोधत बसावं लागतं. ब्रेसलेट निघाल्यावर बार परत बसवा. नाटो पट्टा त्यांच्याखालून ओवायचा असतो.

वापरलेल्या घड्याळांच्या बाजारात 'फुल सेट' (पेटी, कागदपत्रं, सगळं सोबत) म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी वॉरंटी कार्डावरचा सिरियल नंबर लगमागच्या नंबराशी ताडून पाहा. रिकाम्या पेट्या सुट्या विकल्या जातात, त्यामुळे नुसती पेटी घड्याळाच्या अस्सलपणाचा पुरावा ठरत नाही. वेल्क्रो पट्टा आणि अवजार जागेवर आहे ना, तेही बघा; हरवतं ते हेच.

मुंबई-कोकणात कोणत्याही ब्रँडच्या पेटीचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. पॉलियुरेथेनचा फोम आणि कृत्रिम चामडं बाष्पाने विघटित होतं: आधी चिकट, मग भुगा. तो भुगा ब्रेसलेटच्या सांध्यांत शिरतो. म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की वाळवा किंवा नव्या घाला, आणि पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या तळाशी ठेवू नका. फोम बोटाला चिकटू लागला असेल, तर घड्याळ त्याच दिवशी बाहेर काढा.