.३०८ की बारा बोअर : खांदा नक्की कोण सोलतं?

माझ्या .३०८ रायफलच्या दस्त्यामागची, खांद्याला टेकणारी प्लास्टिकची पट्टी अखेर तडकली. बदलून मागितली, सोबत रबरी पॅड बसेल का विचारलं, तर दुकानातून उत्तर आलं, "साहेब, बारा बोअर चालवता ना? मग .३०८ च्या धक्क्याचं काय एवढं?" दोन्ही बंदुका महिनोन्‌महिने वापरल्यात, म्हणून हा प्रपंच.

त्या उत्तरात निम्मं खरं आहे, हे आधीच मान्य करतो. माझी बारा बोअर, म्हणजे छऱ्यांची दुनळी, ३.२ किलोची. २८ ग्रॅम छरे सेकंदाला ४०० मीटरने सुटले की वॅड (छऱ्यांमागचा बोळा) आणि गॅस धरून बंदूक सेकंदाला साधारण ४ मीटरने मागे येते, म्हणजे २६ ज्यूलच्या आसपास. रायफल स्कोपसकट (नेमाच्या दुर्बिणीसकट) ३.६ किलो, गोळी ९.७ ग्रॅम, वेग ८५०. ती मागे येते साडेतीन मीटरने, २२ ज्यूल. कागदावर लाथ दुनळीचीच मोठी. आणि ३ इंची मॅग्नममध्ये, म्हणजे लांब, जादा भरणाच्या काडतुसात, ५० ग्रॅमच्या वर छरे भरले की हाच आकडा ७० च्या घरात जातो, मोठ्या जनावरांसाठीच्या .३७५ रायफलीपेक्षाही वर. ते काडतूस मी बंद केलं. महाग, आणि वर खांदा दुखवून घ्यायचा! २४ ग्रॅमवर उतरलो तर धक्का २० ज्यूलपर्यंत खाली आला आणि खिशालाही बरं.

मग खांदा रायफलनेच का सोलतो? "छऱ्याची बंदूक ढकलते, रायफल झटका देते" हे ठरलेलं उत्तर. सुरुवातीचे काही महिने मीही तेच सांगत होतो. आता पटत नाही, कारण मागे येण्याचा वेग रायफलचा उलट कमीच आहे. माझा सगळा संशय त्या पट्टीवर आहे. अरुंद, कडक, आणि खालचं टोक थेट हाडात. दुनळीला रुंद रबरी पॅड आहे. ते दबतं, तेवढा वेळ धक्का लांबतो आणि जास्त जागेवर पसरतो. गर्दीत कुणी खांद्याने रेटलं तर आपण सरकतो, कोपर मारलं तर कळवळतो. ज्यूल तेच, जागा वेगळी.

पट्टीला शिव्या देता देता दुसरी गोष्ट लक्षात आली. दुनळी मी उभ्याने चालवतो, नेम फिरता असतो, अंग धक्क्याबरोबर मागे जातं. रायफल मात्र टेबलावर टेकवून, छाती कडेला चिकटवून. खांद्याला मागे जायला जागाच नाही. तीच रायफल उभ्याने चालवली तर चक्क सुसह्य! उलट, छरे कसे पसरतात ते बघायला दुनळी टेबलावर घेतली तेव्हा तिनेही दात दाखवले. रायफलवरचा निम्मा राग तिथे उतरला. पट्टीवरचा नाही.

बाकी उपाय थोडक्यात. दस्त्यात ४०० ग्रॅम शिसं घातलं तर २६ चे २३ ज्यूल होतात, पण उडत्या पक्ष्यामागे बंदूक फिरवताना ती जड पडते. नळीच्या तोंडाला बसवायचा भोकांचा ब्रेक रायफलवर खरंच काम करतो. .३०८ मध्ये दारू जेमतेम तीन ग्रॅम, पण गॅस गोळीपेक्षा जोरात सुटतो आणि धक्क्याचा साधारण तिसरा हिस्सा त्याचाच असतो. तो गॅस बाजूला वळवला की फरक पडतो. दुनळीत दारू त्याच्या निम्म्याहून कमी आणि तोंडाशी दाबही कमी, त्यामुळे तिच्या नळीला भोकं पाडून घेणं म्हणजे बरंचसं शोभेचं काम. मी ब्रेक घेतला नाही, कारण आवाज शेजारच्याच्या कानात जातो आणि रेंजवर आपल्या बाजूची जागा रिकामी होत जाते.

मी दोन सेंटिमीटरचं चढवायचं रबरी पॅड घेतलं. धक्का कमी झाला, एकदम मान्य. पण दस्ता लांबला, डोळा मागे गेला, स्कोपच्या कडेला काळं वर्तुळ दिसायला लागलं. अशा वेळी मान पुढे काढायची सवय लावून घेऊ नका, स्कोपची कड सरळ भुवईवर बसते. स्कोपच रिंगांमध्ये मागे सरकवा. त्यानंतर रायफल पुन्हा झीरो करावी लागते, म्हणजे गोळ्या झाडून नेम जुळवावा लागतो, आणि त्यात जी काडतुसं जातात ती पॅडच्या किमतीत धरा.