तारेच्या पिंजऱ्याचे सात महिने : खानापूर तालुक्यातील कौलारू घरातला अनुभव

गेल्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात बेळगावच्या रविवार पेठेतून मी उंदीर पकडण्याचा तारेचा पिंजरा २८० रुपयांना विकत घेतला. आत आमिष अडकवायचा आकडा, वर खटका आणि आमिष ओढताच स्प्रिंगने धाडकन मिटणारे दार, अशी ही जुनीच रचना आहे. दुकानदार त्याला कन्नडमध्ये ‘इली बोनु’ म्हणाला, मी ‘उंदराचा पिंजरा’ म्हणालो आणि व्यवहार विनातक्रार पार पडला. आज जानेवारी संपत आला आहे. या सात महिन्यांत या पिंजऱ्यात ३४ उंदीर सापडले. मात्र पहिला सापडायला १९ दिवस लागले आणि तेवढ्या काळात मी दोनदा तो भंगारवाल्याला द्यायला निघालो होतो.

आमचे घर जांबोटीच्या वाटेवर आहे. मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौले आणि मधे लाकडी माळा, असे ते जुने घर आहे. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूचा पाऊस आमच्याकडेही मनसोक्त पडतो. शेतातली बिळे पाण्याने भरली की उंदीर घरांकडे वळतात आणि सुगीनंतर भाताची पोती घरात आली की त्यांना परत जाण्याचे काही कारणच उरत नाही. आमच्या माळ्यावर असतो तो काळा घरउंदीर. शेपूट डोके आणि धड मिळून होणाऱ्या लांबीपेक्षाही लांब, कान मोठे व पातळ, आणि वाशावरून दोरीवर चालावे तसे चालण्याची हातोटी, या तीन खुणांवरून तो ओळखता येतो. शहरांच्या गटारांत राहणारा तपकिरी उंदीर याहून जाडजूड असतो, त्याची शेपूट तुलनेने आखूड असते आणि त्याला चढण्यापेक्षा बीळ खणणे अधिक मानवते. हा फरक माहीत नसताना मी पिंजरा न्हाणीजवळ जमिनीवर ठेवत होतो, म्हणजे उंदीर माळ्यावर आणि पिंजरा खाली.

तरीही खरी अडचण जागेची नव्हती. नेहमीच्या वाटेवर एखादी नवी वस्तू दिसली की घरउंदीर तिला कित्येक दिवस वळसा घालून जातो. त्यामागे त्याच्या शरीराचे एक वैशिष्ट्य आहे, ते म्हणजे उंदराला ओकता येत नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरील अडसर भक्कम असतो आणि तो उलटा उघडून पोट रिकामे करण्यासाठी मेंदूच्या देठातून जी जुळणी व्हावी लागते तीही त्याच्याकडे नसते. एकदा गिळले ते पोटातच राहणार असल्यामुळे तो नवे अन्न आधी कणभर चाखतो आणि थांबतो. काही तासांनी पोट बिघडले तरी त्या चवीशी त्याचा संबंध जोडून ती चव तो कायमची टाळू लागतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये हेच दाखवले होते. सॅकरिनचे गोड पाणी पीत असताना ज्या उंदरांवर पोट बिघडवणारा किरणोत्सर्ग सोडला गेला, त्यांनी पुढे ते पाणी पिणे सोडले. आमच्या वडिलांनी काही वर्षांपूर्वी झिंक फॉस्फाइड हे विष कालवलेल्या पिठाच्या गोळ्या ठेवल्या होत्या. पहिल्या रात्री दोन उंदीर मेले आणि त्यानंतर महिनाभर पिठाच्या कोणत्याही गोळीला एकाही उंदराने तोंड लावले नाही. ‘उंदीर शहाणे झाले’ असे तेव्हा घरात म्हटले गेले, ते शब्दशः बरोबर होते.

शेजारच्या आजोबांनी यावर उपाय सांगितला. ‘‘आधी चार दिवस नुसतं जेवू घाला त्यांना, मग खटका लावा.’’ मी दार तारेने वर बांधून ठेवले, पिंजरा माळ्यावर नेला आणि आठ रात्री आत आणि आजूबाजूला भाजलेले शेंगदाणे टाकत राहिलो. पहिल्या तीन रात्री बाहेरचे दाणे गेले, पाचव्या रात्री दाराजवळचे गेले आणि सातव्या सकाळी आकड्याखालचा शेवटचा दाणाही नव्हता. नवव्या रात्री खटका लावला, तेव्हा एक उंदीर सापडला आणि पुढच्या चार रात्रींत आणखी पाच सापडले. उंदीर एकमेकांच्या तोंडाचा वास घेऊन दुसऱ्याने काय खाल्ले हे ओळखतात आणि तेच अन्न स्वतःही पसंत करू लागतात, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. त्यामुळे फुकट खाऊ घातलेले ते दाणे वाया गेले असे मला वाटत नाही. आमिष म्हणून मी सुके खोबरे, सुकट, कांदाभजी आणि एकदा हौसेने बेळगावचा कुंदाही लावून पाहिला. कुंदा त्यांना आवडला, पण तो आकड्यावर टिकत नाही आणि खटका न पाडता चाटून नेता येतो. दोऱ्याने घट्ट बांधलेला खोबऱ्याचा तुकडा ओढावाच लागतो, म्हणून माझ्या हिशेबात तो सर्वांत चांगला.

पिंजरा कुठे ठेवावा याचा उलगडा मला एका रात्री बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावून बसल्यावर झाला. उंदराच्या डोळ्यांना लाल प्रकाश जवळजवळ जाणवत नाही, त्यामुळे तो आपल्यासमोर निर्धास्त फिरतो. त्याची दृष्टी मुळातच अंधूक असते आणि अंधारातला रस्ता तो मिशांनी चाचपतो. सेकंदाला साधारण आठ वेळा या मिशा पुढेमागे झुलत असतात आणि एका बाजूच्या मिशा भिंतीला लागलेल्या असल्या की त्याला सुरक्षित वाटते. खोलीच्या मधून तो जवळजवळ कधीच जात नाही. रोजच्या वाटेवर अंगाचा तेलकटपणा घासून वाशांवर काळपट पट्टा उमटतो. आमच्या माळ्यावर तो पट्टा वर्षानुवर्षे होता आणि आम्ही त्याला चुलीचा धूर समजत होतो. पिंजरा त्या पट्ट्याच्या रेषेत, भिंतीला चिकटवून आणि दार वाटेकडे करून ठेवला की काम होते. त्याच भिंतीपासून तो हातभर पुढे सरकवला, तर आठवडा कोरडा जातो. मी हे दोनदा करून पाहिले.

पिंजऱ्याला फळ येत नव्हते त्या दिवसांत एका ओळखीच्या माणसाच्या आग्रहावरून मी विजेवर चालणारे, कानाला ऐकू न येणारा आवाज काढणारे यंत्रही आणले होते. त्याची किंमत पिंजऱ्याच्या तिप्पट होती. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात तर उंदराला ८० किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंतचे, त्यामुळे यंत्रामागील कल्पना अगदीच निराधार नाही. उंदीर स्वतःही आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजांत बोलतात. धोक्याची हाक सुमारे २२ किलोहर्ट्झची असते तर खेळताना आणि खुशीत काढलेले आवाज ५० किलोहर्ट्झच्या आसपासचे. पण इतका उंच आवाज भिंतीतून किंवा भाताच्या पोत्यातून पलीकडे जात नाही, आणि ज्या आवाजामागून कधीच काही वाईट घडत नाही त्याची सवय उंदराला लवकरच होते. आमच्याकडे पाच-सहा रात्री माळा शांत होता. मग एका सकाळी त्या यंत्रापासून हातभर अंतरावर ताज्या लेंड्या दिसल्या. शिवाय पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा यंत्रही झोपते. ते आता कपाटात आहे.

विषाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण बहुतेक जण शेवटी त्याकडेच वळतात. ब्रोमॅडिओलोनची वडी रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या के जीवनसत्त्वाचा शरीरातला पुनर्वापर थांबवते आणि उंदीर चार-पाच दिवसांनी अंतर्गत रक्तस्रावाने मरतो. परिणाम उशिरा होत असल्यामुळे त्याला चवीवर संशय येत नाही. या दृष्टीने ती झिंक फॉस्फाइडपेक्षा हुशार आहे. पण तो मरतो कुठे, हे आपल्या हातात नसते. गेल्या मे महिन्यात आमच्या माळ्याच्या फळ्यांखाली एक मेला आणि आठ दिवस घरात जेवण गोड लागले नाही. विष खाल्लेला अर्धमेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर ते विष त्यांच्याही अंगात जाते. शेजारच्या काकूंची मांजर हे मी पिंजऱ्यावर येण्याचे मुख्य कारण.

आता पिंजऱ्याचे दोष. उंदराला एकूण १६ दात असतात. सुळे नसतात आणि पुढचे चार दात जन्मभर वाढत राहतात. त्या दातांवर कठीण कवच फक्त पुढच्या बाजूला असते, मागचा भाग मऊ असल्याने लवकर झिजतो आणि धार पटाशीसारखी आपोआप टिकते. कुरतडताना तो दातांमागची मोकळी जागा ओठांनी बंद करतो, त्यामुळे भुसा तोंडात जात नाही. ही करामत मी पिंजऱ्यात अडकलेल्या उंदरातच पाहिली. लोखंडी तार त्याच्याने तुटत नाही. मात्र तळाचे दोन सांधे पहिल्याच महिन्यात निखळले, ते दातांनी नव्हे, तर हलक्या वेल्डिंगमुळे. पावसाळ्यात स्प्रिंग गंजून खटका जड झाला आणि दोन रात्री खोबरे गेले, उंदीर सापडला नाही. तिथे शेंगदाण्याच्या तेलाचा थेंब सोडणे पुरते. जाळीची भोके इंचभराची असल्यामुळे लहान घरगुती उंदीर त्यातून सहज निसटतात. आपण त्यांना मोठ्या उंदराची पिल्ले समजतो, पण ती वेगळी जात आहे. पिल्लाचे डोके आणि पाय अंगाच्या मानाने मोठे दिसतात, या उंदराचे तसे नसतात. दोनदा चिचुंद्रीही सापडली. ती उंदीर नव्हेच, झुरळे खाते, तिला मी वास सहन करून सोडून दिले.

आणि घुशीपुढे हा पिंजरा अगदीच केविलवाणा आहे. परसातली मोठी घूस, जिला कन्नडमध्ये ‘हेग्गण’ म्हणतात, किलोभराच्या आसपास भरते. तिने एका रात्री पिंजरा उलथून आमिष नेले. तिच्यासाठी बिळे दगडमातीने बुजवण्याखेरीज मला दुसरा मार्ग सापडलेला नाही.

सापडलेल्या उंदराचे काय करायचे, हा प्रश्न सकाळी सहा वाजता फार अवघड वाटतो. मी त्यांना गावापासून लांब झाडीत सोडतो. यात दया किती आणि चालढकल किती, हे मला नीट सांगता येणार नाही, कारण अनोळखी जागी सोडलेले उंदीर फारसे तगत नाहीत. पिंजरा सकाळी लवकर पाहावा आणि तोवर सावलीत असावा. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही; अंगातली उष्णता तो मुख्यतः केस नसलेल्या शेपटीतून बाहेर टाकतो आणि उन्हात ती युक्ती अपुरी पडते. ऑक्टोबरात मी लग्नाला गेलो असताना पिंजरा अंगणात राहिला आणि नऊच्या आत आतला उंदीर मेला होता. त्याआधी एकाच्या डोळ्यांभोवती लाल डाग पाहून त्याला जखम झाली असे मला वाटले होते. ते रक्त नसून डोळ्यामागच्या ग्रंथीतून ताणाच्या वेळी पाझरणारे लालसर द्रव्य असते.

हातमोजे मी कधीच टाळत नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात त्याला आजारी न पाडता राहतात आणि मूत्रातून बाहेर पडून जखमेतून आपल्या अंगात शिरतात. चिखलात अनवाणी लावणी करणाऱ्या भागात हे विसरून चालत नाही. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडू लागले की पिसवा त्याला सोडून दुसरे अंग शोधतात. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये प्लेगच्या प्रसाराचा दुवा याच पिसवांत शोधला होता. उंदीर पडू लागताच गाव सोडून शेतात झोपड्या घालणाऱ्या जुन्या माणसांना पिसू ठाऊक नव्हती, पण त्यांचे पाऊल बरोबर होते. मेलेल्यावर मी आधी साबणाचे पाणी ओततो, मग उचलतो, आणि नंतर पिंजरा उकळत्या पाण्याने धुतो. धुतल्यावर पुढच्या रात्री उंदीर कमी येतात, असे मला दिसले नाही.

सुगीच्या आधी कौलांखालची आणि भिंतीच्या कडेची दोन सेंटिमीटरहून मोठी भोके सिमेंट आणि लोखंडी जाळीने बुजवली, कारण डोके आत गेले की बाकीचे अंग मागोमाग जाते. मादी २१ ते २३ दिवसांत विते आणि एका वेतात बहुधा सहा ते बारा पिल्ले असतात, तेव्हा एकट्या पिंजऱ्याने हा हिशेब मिटला नसता. जुलै-ऑगस्टमध्ये महिन्याला आठ-नऊ उंदीर सापडत होते. या महिन्यात दोनच सापडले, आणि भाताची २२ पोती अजून शाबूत आहेत. गेल्या आठवड्यात खानापुरातल्या वेल्डरकडून तळाचे सांधे पक्के करून घेतले आणि तिन्ही बाजूंना अर्ध्या इंचाची जाळी लावली. त्याने ९० रुपये घेतले. परवा सकाळी त्यात अंगठ्याएवढा एक उंदीर कोपऱ्यात बसला होता, खोबरे संपवून.